गैरहजराची वाट किती पाहावी?

संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेच्या वाचकांसाठी काही भाग वाढविला आहे.



'संगणक आणि आपली मुले' या विषयावर मी बोलावे, असे चिटणीस साहेबांनी सुचविले होते. विषय मोठा आणि माझा अधिकार लहान. मी बी.ए., बी.एड. झालेला मराठीचा शिक्षक. संगणकाशी माझा संबंध निकालपत्रके भरण्यापुरता. म्हणून एवढ्या मोठ्या विषयाला हात न घालता संगणकातील एका अगदी लहान प्रश्नावर मी बोलणार आहे. जो बरेच दिवस आलेला नाही, त्याच्यासाठी राखून ठेवलेले सामान किती दिवस राखावे, हा तो प्रश्न. शाळेच्या हजेरीपटावर तो मला फार पूर्वी भेटला होता. यंत्राच्या पोटातही तो आहे, हे मला माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने दाखविले.

हा मुलगा अकोल्याचा. पुढे अमरावतीस अभियांत्रिकी शिकला आणि आता पुण्यात एका कंपनीत डेटाबेसची देखभाल करतो. डेटाबेस म्हणजे माहितीची वखार असे तूर्त समजा. 2025 च्या बकरी ईदला तो घरी आला होता. शनिवारी, 7 जूनला ईद झाली. रविवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो, दस्तरखान अंथरले गेले आणि त्याचा फोन वाजला. बोलता बोलता त्याचा चेहरा उतरत गेला. कंपनीचा मुख्य डेटाबेस बंद पडला होता. त्यावर चालणारी सारी कामे ठप्प होती. तो उठून आतल्या खोलीत गेला तो रात्री बारापर्यंत बाहेर आला नाही. त्याची अम्मी ताटावर झाकण ठेवून बसून राहिली. मीही जेवलो ते कसेबसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, गंमत सांगू? काही बिघडलं नव्हतं. यंत्र एकाची वाट पाहत होतं. तो कधीच येणार नव्हता."

आता हे कसे, ते समजून घेऊ. विद्यार्थ्यांनी जरा लक्ष द्यावे. पालकांना मात्र हे लवकर कळेल, कारण आपल्यापैकी कित्येकांच्या घरी अडत किंवा किराणा आहे.

दुकानात दोन वह्या असतात. एक कीर्द आणि दुसरी खतावणी. व्यवहार झाला की तो प्रथम कीर्दीत, जसा झाला तसा, क्रमाने लिहावयाचा. मग सवडीने तो ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत चढवावयाचा. मध्येच दिवा गेला, मुनीम आजारी पडला, तरी कीर्द शाबूत असली म्हणजे खतावणी पुन्हा जुळविता येते. पोस्टग्रेस नावाचा जो डेटाबेस या मुलाच्या कंपनीत आहे, तोही नेमके हेच करतो. अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात 1986 साली त्याची सुरुवात झाली. 1996 पासून तो पोस्टग्रेसक्यूएल या नावाने ओळखला जातो आणि तो कोणासही फुकट वापरता येतो. त्याच्या कीर्दीला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'वॅल' म्हणतात. नियम एकच: आधी कीर्द, मग खतावणी.

एवढी मोलाची माहिती एकाच यंत्रावर ठेवणे शहाणपणाचे नाही, म्हणून तिच्या प्रती दुसऱ्या यंत्रांवर ठेवतात. समजा मुख्य दुकान अकोल्यास आणि शाखा अमरावतीस. शाखेने रोज अकोल्याची कीर्द उतरवून घ्यावयाची आणि त्यावरून आपली खतावणी तयार ठेवावयाची, म्हणजे अकोल्याच्या दुकानाला आग लागली तरी अमरावतीत सर्व हिशेब जिवंत. पण अकोल्याची जुनी पाने किती दिवस ठेवायची? खतावणीत चढलेली पाने मुख्य यंत्राला नको असतात. जागा मोकळी करण्यासाठी ते ती काढून टाकते. अमरावतीचा माणूस दोन दिवस आला नाही आणि तेवढ्यात ती पाने गेली, तर त्याची साखळी तुटली. मग त्याला सबंध खतावणी पहिल्यापासून नकलून घ्यावी लागते.

यावर तोड म्हणून डिसेंबर 2014 मध्ये आलेल्या 9.4 या आवृत्तीत एक सोय झाली. तिचे नाव रेप्लिकेशन स्लॉट. आपण तिला 'खूण' म्हणू. अमरावतीच्या नावाने कीर्दीत एक खूण घालून ठेवावयाची: याने येथपर्यंत नेले आहे, यापुढील पान तो येऊन नेईपर्यंत कोणी फाडू नये. खूण पक्की असते. यंत्र बंद करून सुरू केले तरी ती जात नाही, आणि पलीकडचा माणूस नाहीसा झाला तरीही जात नाही. नाहीशा झालेल्या माणसासाठीच तर ती घातलेली असते! कोणीतरी ती मुद्दाम काढली तरच ती निघते.

वर्गातले उदाहरण हवे असेल तर असे पाहा. मी फळ्यावर लिहीत आहे. एक मुलगा म्हणतो, "सर, माझं झालं नाही, पुसू नका." ठीक आहे, मी त्याच्यासाठी तेवढा भाग राखतो आणि पुढे लिहीत जातो. आता तो मुलगा पाणी प्यायला म्हणून बाहेर गेला आणि तसाच घरी गेला. मी शब्द दिलेला, म्हणून पुसत नाही. फळा भरतो. शेवटी लिहावयास जागा उरत नाही आणि उरलेल्या एकोणसाठ मुलांचा तास बंद पडतो.

पुण्यात हेच घडले. काही चाचणीसाठी त्यांनी एक जादा प्रत काढली होती आणि तिच्या नावाने खूण घातली होती. काम झाले. बुधवारी संध्याकाळी कोणीतरी ते चाचणीचे यंत्र मोडून टाकले, पण मुख्य यंत्रातील खूण काढावयाची राहिली. पुढचा हिशेब मुलांनी स्वतः करून पाहावा. कीर्दीची एक फाइल 16 मेगाबाइटची असते. त्यांच्याकडे सरासरीने दर मिनिटास एक फाइल भरत असे. दिवसाची मिनिटे 1,440. म्हणजे दिवसाला 23,040 मेगाबाइट, अर्थात साडेबावीस गिगाबाइट. डिस्कवर मोकळी जागा होती 90 गिगाबाइट. चार दिवस! बुधवार संध्याकाळपासून मोजा, रविवार संध्याकाळ येते. कीर्द लिहावयास जागा नाही म्हटल्यावर हा डेटाबेस पुढचा एकही व्यवहार स्वीकारत नाही. तो स्वतःला बंद करून घेतो. कीर्दीत न लिहिता धंदा करण्यापेक्षा दुकान बंद ठेवणे बरे, हा जुन्या मुनिमांचा बाणा त्यात आहे, आणि मला तरी तो आवडला.

त्या रात्री फोनवर कोणीतरी त्याला सुचविले म्हणे, की कीर्दीच्या जुन्या फाइली हाताने काढून टाक, जागा होईल. त्याने ऐकले नाही हे नशीब. कोणते पान खतावणीत चढले आहे हे बाहेरच्या माणसाला डोळ्यांनी दिसत नाही. नको ते पान गेले तर डेटाबेस पुन्हा उभाच राहत नाही. त्याने डिस्कला थोडी जागा वाढवून घेतली, डेटाबेस सुरू केला, खुणांची यादी काढली, तीत एका खुणेपुढे 'चालू नाही' असे दिसले, ती खूण त्याने रीतसर काढली, आणि पुढच्या आवराआवरीच्या वेळी, जिला चेकपॉइंट म्हणतात, यंत्राने साठलेली पाने आपोआप काढली.

दोष कोणाचा, या वादात मी पडत नाही. मला पुढची गोष्ट महत्त्वाची वाटली. कंपनीने त्यालाच सांगितले की यापुढे असे होऊ नये म्हणून मर्यादा ठरव. गैरहजर खूण किती काळाने बाद करावयाची, तो आकडा तू सांग. आकडा सांगणे त्याला जड गेले. आणि तो मला आपली अडचण सांगत असता मला माझा हजेरीपट आठवू लागला.

ही गोष्ट मी याआधी जाहीरपणे सांगितलेली नाही. मी नोकरीस नवा होतो, आजच्या शाळेत नव्हतो. नववीचा वर्ग माझ्याकडे होता. कापूस वेचणीचे दिवस. एक मुलगा दिवाळीच्या सुटीनंतर आलाच नाही. पंधरा दिवस झाले, महिना झाला. एका मुलाबरोबर घरी चिठ्ठी पाठविली, ती तशीच परत आली. घराला कुलूप होते. दीड महिन्याने मी हजेरीपटावर त्याच्या नावापुढे लाल शाईने 'नाव कमी करावे' असा शेरा मारला. वर्गात साठ मुले होती, आणखी दोन प्रवेशासाठी थांबली होती. माझ्या हिशेबाने मी योग्य तेच केले. त्यानंतर आठ दिवसांनी तो आला. बाप आजारी म्हणून सारे घर मूर्तिजापूरकडे नातलगांकडे गेले होते. त्याची खाला त्याला सोडावयास आली होती. मी हजेरी घेतली, त्याचे नाव त्यात नव्हते. हजेरी संपल्यावर तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, माझं नाव राहिलं." नाव परत चढविण्यासाठी अर्ज, दाखला, पालकाची सही, बाप अंथरुणावर. तो दहा-बारा दिवस आला, नाव नसताना बसला, आणि मग यावयाचा थांबला.

सहा ते चौदा वर्षांच्या मुलांबाबत आता असे करता येत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 16 व्या कलमानुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. मेळघाटातून कामासाठी बाहेर जाणाऱ्या कुटुंबांची मुले होळीला परत येतात, तेव्हा त्यांचे नाव पटावर असावयास हवे, हे उघडच आहे. पण नववी-दहावीला हे कलम लागत नाही. तेथे शेरा मारणारा हात शिक्षकाचा असतो.

तेव्हा त्या मुलाची, म्हणजे पुण्याच्या इंजिनिअरची, अडचण मला चटकन कळली. लवकर बाद करावे तर खरा येणारा परतल्यावर दार बंद. उशिरा करावे तर सगळ्यांचेच काम बुडते. या दोन चुकांची किंमत सारखी नाही, आणि प्रत्येक ठिकाणी ती वेगळी आहे. म्हणून एक आकडा सर्वांना लागू होत नाही.

कायद्यानेही ठिकठिकाणी वेगवेगळे आकडे घातले आहेत. ज्याच्याविषयी सात वर्षे काहीच ऐकू आले नाही तो मृत मानावा, असे 1872 च्या पुरावा कायद्यात होते, आणि 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही सात वर्षेच आहेत. पण बेपत्ता नवऱ्याच्या बायकोने सात वर्षे ताटकळावे काय? 1939 च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याने तिच्यासाठी चार वर्षे ठरविली. त्यातील एक बारकावा मला फार शहाणपणाचा वाटतो. अशा कारणावरून न्यायालयाने हुकूमनामा दिला तरी तो सहा महिने अमलात येत नाही. त्या सहा महिन्यांत नवरा हजर झाला आणि संसार करण्यास तयार आहे असे त्याने न्यायालयास पटवून दिले, तर हुकूमनामा रद्द होतो. वाट पाहणे संपले, असे सांगितल्यावरही दार जरा किलकिले ठेवले आहे.

बँकेचे उदाहरण पालकांच्या उपयोगाचे आहे म्हणून सांगतो. बचत खात्यात दोन वर्षे आपण स्वतः काहीच देवघेव केली नाही, तर बँक ते निष्क्रिय धरते. दहा वर्षे कोणी विचारले नाही, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेने 2014 साली उघडलेल्या ठेवीदार निधीत जाते. पण हक्क जात नाही. दहा वर्षांनंतरही ठेवीदार किंवा त्याचे वारस आपल्या बँकेत अर्ज करून रक्कम मागू शकतात. 'उद्गम' नावाचे एक सरकारमान्य संकेतस्थळ 2023 पासून आहे, रिझर्व्ह बँकेनेच चालविलेले; त्यावर अशा ठेवी शोधता येतात. घरात मयत वडिलांचे जुने पासबुक असेल तर ते आजच काढून पाहा. येथे खूण बाद होते, माल मात्र जपून ठेवलेला असतो. डेटाबेसमध्ये तसे नाही. तेथे बाद झालेली खूण पुन्हा जिवंत करता येत नाही.

आता डेटाबेसवाल्यांनी काय केले ते पाहू. सप्टेंबर 2020 मध्ये आलेल्या 13 व्या आवृत्तीत त्यांनी आकारमानाची मर्यादा दिली. एखाद्या खुणेसाठी राखलेली पाने अमुक गिगाबाइटच्या पुढे गेली की ती खूण धोक्यात आली असे समजावयाचे आणि पुढील चेकपॉइंटला ती बाद करावयाची. यात एक गोम आहे. ही मर्यादा गैरहजर आणि हळू असा भेद करीत नाही. जो रोज येतो, जोडलेला आहे, पण ज्याचा हात सावकाश चालतो, त्याचीही खूण ती पुसते. शिक्षक म्हणून मला ते टोचले. सावकाश लिहिणारा मुलगा आणि घरी निघून गेलेला मुलगा यांना एकच शिक्षा! परंतु डिस्क भरत आली असताना भेद करीत बसण्यास वेळ नसतो, हेही खरे. धरणाचे दरवाजे उघडताना खालच्या शेतात कोण चांगला कोण वाईट हे पाहत नाहीत.

सप्टेंबर 2024 मधील 17 व्या आवृत्तीत खुणांच्या यादीत दोन नवे रकाने आले: ही खूण केव्हापासून गैरहजर आहे, आणि बाद झाली असल्यास कोणत्या कारणाने. हजेरीपटाची ही सुरुवात. मगच 25 सप्टेंबर 2025 रोजी निघालेल्या 18 व्या आवृत्तीत वेळेची मर्यादा आली. एखादी खूण अमुक काळ कोणीच वापरली नाही, तर ती बाद. ही मर्यादा केवळ गैरहजराला लागते. जो जोडलेला आहे, तो कितीही मागे असला तरी त्याला ती शिवत नाही. जी खूण एकही पान अडवून ठेवत नाही तिलाही ती लागत नाही. बाद करण्याचे काम येथेही चेकपॉइंटलाच होते, आणि चेकपॉइंट साधारणपणे पाच-पाच मिनिटांनी असतो. म्हणून घड्याळाच्या ठोक्याला दार बंद होते असे नाही, थोडी सवड मिळते.

या सुधारणेच्या अधिकृत टिपणात निशा मूंद आणि भरत रूपिरेड्डी अशी दोन नावे छापली आहेत. नावे आपल्याकडचीच, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. हा डेटाबेस कोण्या एका शेठजीचा नाही. जगभरचे लोक सूचना मांडतात, एकमेकांच्या चुका काढतात, आणि ती सारी चर्चा कोणालाही वाचता येते. त्यावर काम करणाऱ्या एंटरप्राइझडीबी या कंपनीचे एक कार्यालय पुण्यात आहे. अकोल्याहून पुणे एका रात्रीच्या अंतरावर आहे.

आणि या मंडळींनी तो आकडा किती ठेवला? शून्य. म्हणजे सोय दिली, पण बंद ठेवून दिली. ज्याला हवी त्याने आपला आकडा घालावा. प्रथम मला हा पळपुटेपणा वाटला. विचार केल्यावर पटले. अकोल्याच्या दुकानाची डिस्क केवढी, शाखा कितीदा येते, हे दूर बसलेल्याला कसे ठाऊक असणार?

मग आमच्या इंजिनिअरने आपला आकडा कसा काढला? याच विषयावर आम्ही दोघे एका अनुभवी माणसाकडे गेलो होतो. अकोल्याच्या कापूस बाजारात चाळीस वर्षे मुनीम म्हणून काढलेले एक चाचा आहेत. संगणक त्यांनी दुरून पाहिला आहे. मुलाने त्यांना सगळी हकीकत कीर्द-खतावणीच्या भाषेत सांगितली. चाचा हसले आणि म्हणाले, "काहून रे बापू, तुमच्या साहेबानं अमरावतीवाल्याले एक कार्ड नाई टाकलं?"

त्यांच्या पेढीवर पद्धत अशी होती. शाखेचा माणूस दर शनिवारी येऊन कीर्द उतरवून नेई. एक शनिवार चुकला तर काही नाही. लग्नकार्य असते, पाऊस असतो. दुसरा चुकला की पोस्टकार्ड. तिसरा चुकला की त्याच्यासाठी राखलेली पाने सुतळीने बांधून माळ्यावर. "मंग तो आला तं?" मी विचारले. "आला तं आला. माळ्यावर चढाले लावतो त्याले. पान फाडत नाई आपण, पण गादीवर जागाबी अडवून नाई ठेवत."

चाचांच्या या बोलण्यातून मुलाला तीन गोष्टी सुचल्या, असे तो म्हणतो. मला त्या त्याच्याच डोक्यातल्या वाटतात. पहिली पोस्टकार्डाची. खूण एक तास गैरहजर राहिली की त्याच्या फोनवर निरोप येतो, आणि बारा तासांनी त्याच्या वरिष्ठाच्या. दुसरी माळ्याची. कीर्दीची प्रत्येक पूर्ण झालेली फाइल दुसऱ्या स्वस्त जागी नकलून ठेवण्याची व्यवस्था या डेटाबेसमध्ये आहेच. ती त्यांनी सुरू केली. पूर्ण नक्कल ठेवणारे जे यंत्र असते, ते खूण बाद झाल्यावरही या माळ्यावरून पाने आणून आपली गाडी रुळावर आणू शकते. हजर झालेला मुलगा मित्राच्या वहीतून उतरवून घेतो तसे. मात्र काही प्रती निवडक माहितीच्या असतात, त्यांना लॉजिकल म्हणतात. त्यांना हा माळा उपयोगी पडत नाही. त्यांची खूण गेली की पहिल्यापासून नक्कल. शिवाय अशी खूण गैरहजर राहिली तर ती पानेच नव्हे, डेटाबेसच्या आतील सूचीतला जुना कचराही अडवून धरते. जागा भरपूर असली तरी तो कचरा साचत जातो आणि काम मंदावते. म्हणून आकारमानाची मर्यादा पुरेशी नाही, वेळेचीही हवी, असे त्याचे म्हणणे.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष आकडा. त्याने कागदावर दोन टोके मांडली. वरचे टोक डिस्कचे: नवी डिस्क घेतल्यावर मोकळी जागा 180 गिगाबाइट झाली होती, दिवसाला साडेबावीस, म्हणजे आठ दिवस. त्याच्या आत थांबलेच पाहिजे. खालचे टोक खऱ्या गैरहजेरीचे: एखादे यंत्र दुरुस्तीला गेले, मध्ये रविवार आला, त्याला जोडून ईद किंवा दिवाळी आली, तर प्रामाणिक माणूसही तीन-साडेतीन दिवस नाहीसा होऊ शकतो. याच्या खाली आकडा घालणे अन्याय. मध्ये त्याने नक्कल पुन्हा काढण्याची किंमत लिहिली. त्यांचा डेटाबेस 500 गिगाबाइटचा. दुसऱ्या गावाला जोडणारी तार सेकंदाला शंभर मेगाबिटची. पाचशे गिगाबाइट म्हणजे चाळीस लाख मेगाबिट, शंभराने भागा, चाळीस हजार सेकंद, अकरा तासांहून थोडे अधिक. एक रात्र आणि वर सकाळ. त्रासाचे आहे, पण सर्वनाशाचे नाही. कोणाचा डेटाबेस याच्या वीसपट असेल तर तेथे नऊ दिवस लागतील, आणि तेथला माणूस खूण बाद करण्यापूर्वी शंभरदा विचार करील. त्याने तो करावाच.

एवढे झाल्यावर त्याने वेळेची मर्यादा पाच दिवस ठेवली, आणि आकारमानाची 150 गिगाबाइट. पहिली विसरलेल्यांसाठी. दुसरी, एखाद्या दिवशी कामाचा पूर आला आणि पाच दिवसांची पाने दोन दिवसांत भरली तर त्यासाठी. त्याच्या वरिष्ठांना पाच दिवस जास्त वाटले. त्यांनी एक दिवस सुचविला होता. पोरगा अडून बसला. शुक्रवारी संध्याकाळी बंद पडलेले यंत्र सोमवारी सकाळी कोणी पाहील तर एका दिवसाच्या मर्यादेत ते शनिवारीच बाद झालेले असेल, हे त्याने त्यांना पंचांग पुढे ठेवून दाखविले.

मी त्याला मध्येच विचारले होते, की बाद झाल्यावर त्या पलीकडच्याला कळते का? तो म्हणाला, "सर, तो परत जोडायला येतो तेव्हा कळतं. त्याला नकार मिळतो आणि कारणही मिळतं. नव्या रकान्यात लिहिलेलं असतं." माझ्या हजेरीपटावर कारणाचा रकाना होता. मी तो कोरा सोडला होता.

गेली काही वर्षे आमच्या शाळेत मी आणि दोन सहकारी मिळून एक वही ठेवतो. तीन दिवस गैरहजर म्हणजे फोन. आठ दिवस म्हणजे शाळा सुटल्यावर आमच्यापैकी कोणी एक घरी. कुलूप असेल तर शेजारी, शेजारी नसेल तर मशिदीजवळचा चहावाला. त्याला सर्व ठाऊक असते. नववी-दहावीतले नाव कमी करण्याचा शेरा कोणा एकाने मारावयाचा नाही, तिघांनी मिळून, आणि मारल्यावर तो कागद महिनाभर कार्यालयात न देता वहीतच ठेवावयाचा. पालकांना माझी विनंती आहे की गाव सोडताना, अगदी आठ दिवसांसाठी का असेना, शाळेत एक निरोप द्या. तोंडी चालेल. मुलीला आजोळी ठेवले असेल, मुलाला गॅरेजवर लावले असेल, तेही सांगा. आम्ही रागावणार नाही. नाव राखून ठेवावयाचे की नाही हे ठरविताना आमच्यापुढे काहीतरी असावे.

या आठवड्यात पुण्याहून त्याचा फोन आला होता. वेळेची मर्यादा घातल्यापासून पहिल्यांदाच एक खूण पाच दिवस पुरे होऊन बाद झाली. निरोप दोन्ही गेले होते, कोणी दखल घेतली नव्हती. मी विचारले, "कोणाची होती?"

"तेच शोधतोय सर," तो म्हणाला. "अजून कोणी विचारायला आलं नाही."